येशू जन्माआधी होता का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

येशूच्या देवपणाबद्दल निर्णय देणाऱ्या निकेयाच्या बिशपांच्या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षे झाली. त्या निमित्ताने येशू ख्रिस्ताचे देवपण आणि मरियेच्या पोटी येण्याआधीचे त्याचे अस्तित्व, या एकाच विषयावर नाशिक परिसरातून इतकी पत्रे आली, की हे सदर या वेळी त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे गाळली आहेत.

आमच्या घरात दोन पक्ष पडलेत. धाकटे भावजी योहान १४:२८ काढतात, पिता माझ्यापेक्षा थोर आहे. आमचे हे योहान १०:३० काढतात, मी आणि पिता एक आहोत. रविवारचे जेवण गार होते. वरचढ वचन कोणते?
— एक वाचिका, शरणपूर रोड

वरचढ कोणतेच नाही. दोन्ही वचने एकाच शुभवर्तमानातली आहेत आणि ते लिहिणाऱ्याला दोन्ही शेजारीशेजारी ठेवताना काही अडचण वाटलेली दिसत नाही. वचनांची पत्त्यांसारखी उतारी थांबवून आधी वाद कशावर आहे ते ठरवा, कारण इथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत.

पहिला : बेथलेहेमात जन्मण्यापूर्वी तो कोणत्याही रूपात होता का? दुसरा : होता, तर तो निर्माण केलेला होता की अनिर्मित, पित्याच्या बरोबरीचा?

निकेयाचे उत्तर : होता, आणि अनिर्मित. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणे : होता, सगळ्या सृष्टीच्या आधी होता, पण देवाने निर्माण केलेला, तो नव्हता असाही एक टप्पा होता. सोळाव्या शतकातल्या फाउस्टस सोसिनसच्या अनुयायांनी पोलंडमध्ये १६०५ साली रॅकोव्हची प्रश्नोत्तरी छापली, तिचे म्हणणे तिसरेच : कुमारीजन्म खरा, पुनरुत्थान खरे, पण जन्माआधी तो नव्हताच. आणि तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या मते पूर्वीपासून होता तो एकच देव; पुत्र ही त्याहून वेगळी व्यक्ती नाही, त्याच देवाचे एक रूप. चौघांच्याही हातात बायबलच होते.

आता तुमची वचने पाहा. १४:२८ पहिल्या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही. एरियसला ते जितके चालते तितकेच सोसिनसला, आणि निकेयावाल्यांनाही अडत नाही : पौर्वात्य गुरूंनी ‘पुत्राचा उगम पित्यात, म्हणून पिता थोर’ असे म्हटले, ऑगस्टीनने ‘मनुष्य म्हणून तो पित्याहून कमी’ असे म्हटले. १०:३० सुद्धा वाटते तेवढे भक्कम नाही. तिथला ‘एक’ मूळ ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, म्हणजे ‘एकच व्यक्ती’ असा अर्थ निघत नाही. आणि १७:२२ मध्ये शिष्यांनीही तसेच एक व्हावे अशी प्रार्थना आहे. आधीची दोन वचने वाचली की मेंढरे कोणी माझ्या हातातून हिसकावणार नाही, हा मूळ विषय कळतो.

भावजींना सरळ विचारा : तुमच्या मते तो जन्माआधी होता का? हो म्हणाले, तर कलस्सै १, इब्री १ आणि योहान १ उघडा. नाही म्हणाले, तर योहान ६:६२, १७:५ आणि फिलिप्पै २. हे न विचारता बसलात, तर पुढचा रविवारही तसाच जाईल.

दारावर आलेल्या दोघी बहिणींनी योहान १:१ मध्ये ‘शब्द देव होता’ असे नसून ‘शब्द एक देव होता’ असे दाखवले. ग्रीकमध्ये तसेच आहे म्हणाल्या. खरे काय?
— नाशिक रोड

यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या भाषांतरात, म्हणजे १९५० साली नवा करार निघाला तेव्हापासून, ते वाचन आहे. त्याचा आधार असा : वचनातल्या ‘शब्द देवासह होता’ या भागात देव या शब्दाला ग्रीक उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) लागले आहे, ‘शब्द देव होता’ या भागात लागलेले नाही. ही माहिती अचूक आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र लंगडा आहे.

ग्रीकमध्ये ‘एक’ अशा अर्थाचे उपपदच नाही. विधेय नाम क्रियापदाच्या आधी आले, की ते पुष्कळदा उपपदाविना येते आणि गुण सांगते : जो देव आहे त्याचे जे असणे, तेच शब्दाचे असणे. योहानाने उपपद लावले असते, तर ‘शब्द म्हणजे तोच, ज्याच्यासह तो होता’ असे झाले असते. ते सबेलियसला आवडले असते. योहानाला तसे म्हणायचे नव्हते, नाहीतर मधला ‘देवासह’ कशाला?

आपल्या बाजूच्या लोकांचीही एक चूक सांगून ठेवतो. याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या वचनांत देव हा शब्द उपपदाविना आहे आणि तिथे कोणी ‘एक देव’ म्हणत नाही, असे उत्तर ठोकून दिले जाते. त्यातल्या पहिल्या तीन ठिकाणी शब्द षष्ठीत किंवा शब्दयोगी अव्ययाबरोबर आहे. तिथले व्याकरण वेगळे. तसेच अर्नेस्ट कॉलवेलचा १९३३ सालचा नियम ‘उपपद नसले तरी अर्थ निश्चितच, म्हणजे तो ठरावीक देवच’ अशा थाटात सांगतात. तो नियम उलट्या दिशेचा आहे : अर्थ निश्चित असल्याचे आधीच ठाऊक असेल, तर क्रियापदाआधी उपपद सहसा गळते. उपपद गळले म्हणून अर्थ निश्चित, असे तो सांगत नाही. अर्ध्या माहितीवर वाद जिंकता येतो, पण समोरच्याने चार पाने जास्त वाचलेली असली की पंचाईत होते.

बहिणी पुन्हा आल्या तर योहान २०:२८ उघडा. थोमा पुनरुत्थित येशूला ‘माझ्या प्रभू, माझ्या देवा’ म्हणतो. तिथे उपपद आहे आणि येशू त्याला थांबवत नाही.

कलस्सै १:१५ मध्ये ख्रिस्त सर्व सृष्टीत ज्येष्ठ, म्हणजे पहिला जन्मलेला. पहिला जन्मला म्हणजे निर्माणच झाला ना?
— सातपूर

ज्येष्ठपण हा बायबलमध्ये हक्क आहे, नुसता क्रम नाही. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दावीदाला ज्येष्ठ करतो. दावीद इशायाचा धाकटा मुलगा. यिर्मया ३१:९ मध्ये एफ्राइम ज्येष्ठ. जन्माने मनश्शे मोठा. आणि कलस्सैचे पुढचेच वचन कारण देते : कारण सर्व काही त्याच्यामध्ये निर्माण झाले. तो स्वतः त्या ‘सर्व’मध्ये मोडत असता, तर वाक्य आपल्याच अंगावर उलटले असते. म्हणून साक्षीदारांच्या भाषांतरात तिथे ‘इतर सर्व’ असा शब्द घालावा लागला आहे. मुळात ‘इतर’ नाही.

जास्त अवघड वचन नीतिसूत्रे ८:२२ हे आहे. तिथे ज्ञान म्हणते, परमेश्वराने मला आपल्या कामाच्या आरंभी... पुढचे क्रियापद हिब्रूत ‘मिळवले’, ‘बाळगले’ असेही घेता येते, पण चौथ्या शतकात सगळे जे ग्रीक भाषांतर वाचत होते त्यात ‘निर्माण केले’ असे स्पष्ट आहे. एरियसचे हे हुकमी वचन. निकेयाची बाजू लढवणारा बिशप अथनेशियस याला त्याच्यावर पानेच्या पाने खर्चावी लागली, कारण ज्ञान म्हणजेच पुत्र हे दोन्ही पक्षांना मान्य होते. आज बहुतेक अभ्यासक ते काव्य म्हणून वाचतात, ज्ञान तिथे एका स्त्रीच्या रूपात बोलते. तसे वाचले की तो पेच उरत नाही.

माझा आतेभाऊ म्हणतो, येशूचे पूर्वास्तित्व देवाच्या मनात, योजनेत होते, प्रत्यक्षात नव्हते. त्याने १ पेत्र १:२० आणि यिर्मया १:५ दाखवले. मला उत्तर देता आले नाही.
— देवळाली कॅम्प

आतेभाऊ अभ्यासू दिसतो. पूर्वास्तित्व नाकारणाऱ्यांचा हा सर्वांत मजबूत मुद्दा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. यहुदी परंपरेत ही कल्पना खरोखरच होती : तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या शिकवणीच्या ग्रंथात, जगाआधी निर्माण झालेल्या सात गोष्टींची यादी आहे, तीत नियमशास्त्र आहे आणि मसीहाचे नावही आहे. यिर्मयाला गर्भात घडवण्याआधी देव ओळखत होता, म्हणून यिर्मया आधीपासून होता असे कोणी म्हणत नाही. १ पेत्र १:२० मध्येही ‘पूर्वी नेमलेला, आता प्रकट झालेला’ एवढेच आहे. या दोन वचनांपुरते त्याचे वाचन मान्य करा. वाद करताना बरोबर आहे ते बरोबर म्हणण्याने काही जात नाही.

पण हीच किल्ली सगळ्या कुलपांना लागते का, हे तपासायचे. योहान ६:६२ मध्ये मनुष्याचा पुत्र पूर्वी जिथे होता तिथे वर चढताना दिसेल, असे आहे. चढणे प्रत्यक्ष, मग ‘पूर्वी होता’ तेवढे मनातले कसे? १७:५ मध्ये जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ माझे जे वैभव होते ते मागितले आहे. योजनेतल्या माणसाचे वैभव ‘त्याच्याजवळ’ होते, असे म्हणायला वाक्य बरेच ताणावे लागते. आतेभाऊ म्हणेल, भविष्यातली निश्चित गोष्ट भूतकाळात सांगण्याची हिब्रू लकब आहे. ती आहे, संदेष्ट्यांत आहे. पण तिथे पुढचे सांगण्यासाठी भूतकाळ येतो. इथे मागणे पुढचे आणि ‘होते’ हे मागचे, असे दोन काळ एकाच वाक्यात वेगळे ठेवले आहेत.

योहान ८:५८, ‘अब्राहाम होण्यापूर्वी मी आहे’, वापरताना जरा जपून. ‘मी आहे’ म्हणजे निर्गम ३:१४ मधले देवाचे नाव, एवढ्यावर सगळा भार टाकू नका. पुढच्याच अध्यायात ९:९ मध्ये बरा झालेला आंधळाही तेच दोन ग्रीक शब्द उच्चारतो, ‘मीच तो’ अशा अर्थाने. जोर आहे तो ‘अब्राहाम होण्यापूर्वी’ यावर. आधीच्या वचनात लोक वयाचा प्रश्न विचारतात, तू पन्नाशीचाही नाहीस. उत्तर वयाच्या प्रश्नाला आहे, आणि ऐकणाऱ्यांनी दगड उचलले.

शेवटी फिलिप्पै २:६-११. पौलाचे हे पत्र साधारण इ. स. ५५ ते ६२ मधले आणि हा भाग त्याच्याही आधी गायला जाणारे स्तोत्र असावे, असे अनेकांना वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स डन या ब्रिटिश अभ्यासकाने इथे आदामाशी तुलना पाहिली : आदामाने देवासारखे होण्याचा मोह धरला, येशूने धरला नाही, पूर्वास्तित्वाची गरजच नाही. वाचन हुशारीचे आहे. अडते ते सातव्या वचनात. त्याने स्वतःला रिक्त केले आणि मनुष्याच्या प्रतिरूपाचा झाला, असा क्रम आहे. आदाम आधीपासून मनुष्यच होता. निर्णय घेऊन मग मनुष्य होणारा दुसरा कोणी लागतो. २ करिंथ ८:९ शेजारी ठेवा : धनवान असता तो तुमच्यासाठी दरिद्री झाला. नासरेथच्या सुताराच्या आयुष्यात धनवान काळ कोणता?

आमचे मत विचाराल तर योजनेचा अर्थ काही वचनांना पुरतो, योहानाला पुरत नाही, आणि पौलाला पुरवायचा तर फार ओढाताण करावी लागते.

कॉन्स्टंटाइन बादशहाने निकेयात मतदान घेऊन येशूला देव केले, असे व्हॉट्सॲपवर फिरते आहे.
— कॉलेज रोड

निकेया, आजच्या तुर्कस्तानातले इझनिक, हे बिथुनिया प्रांतातले गाव. याच प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने परिषदेच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, इ. स. ११२ च्या सुमारास, सम्राट ट्रेजनला कळवले होते की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. त्याच सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस पत्रांतून ‘आपला देव येशू ख्रिस्त’ असे सहज लिहून जातो. पौलाने १ करिंथ १६:२२ मध्ये ‘मारानाथा’, हे प्रभू ये, ही अरामी हाक ग्रीक वाचकांसाठी तशीच ठेवली आहे. म्हणजे ती पॅलेस्टाइनमधल्या पहिल्या मंडळीतून आलेली. बादशहाला यात करण्यासारखे काही उरले नव्हते.

३२५ मध्ये वादाचा विषय वर सांगितलेला दुसरा प्रश्न होता. एरियसही येशूला देव म्हणायला तयार होता, फक्त निर्माण झालेला देव. परिषदेने ‘पित्याशी एकतत्त्व’, ग्रीकमध्ये होमोऊसिओस, हा शब्द घातला, कारण बाकीच्या प्रत्येक शब्दाला एरियसचे मित्र आपला अर्थ लावून होकार देत होते. बिशप अडीचशे ते सव्वातीनशेच्या दरम्यान. ३१८ हा आकडा परंपरेचा. सही नाकारणारे शेवटी दोघे उरले, लिबियाचे सेकुंडस आणि थिओनस, आणि ते एरियसबरोबर हद्दपार झाले. बादशहाचा दबाव होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमके पुढचेच गाळलेले असते. कॉन्स्टंटाइनने काही वर्षांत एरियसला परत बोलावले, निकेयाचा पाठीराखा अथनेशियस याला ३३५ मध्ये ट्रियरला हद्दपार केले, आणि ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे एरियसच्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस उघडपणे निकेयाच्या विरुद्ध बाजूला होता. अथनेशियस ४५ वर्षे बिशप होता. त्यातली सुमारे १७ वर्षे, पाच वेळा मिळून, हद्दपारीत गेली. निकेयाचा शब्द टाळणाऱ्या ३५९ च्या परिषदांनंतर सगळे जग आपण एरियन, म्हणजे एरियसपंथी, झाल्याचे पाहून कण्हले, असे जेरोमने लिहिले. राजसत्तेने धर्ममत ठरवले असते, तर आज मंडळ्यांत एरियसचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हटला गेला असता. निकाल लागला तो ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत. त्याआधी बेसिल, त्याचा भाऊ नीसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झचा ग्रेगरी यांनी तत्त्व एक, व्यक्ती तीन ही त्रैक्याची मांडणी पक्की केली होती. तेव्हाही थिओडोसियस बादशहाचे पाठबळ होतेच, पण कागदावरचा युक्तिवाद तयार होता.

चर्चमध्ये आपण म्हणतो तो मतांगीकार या ३८१ च्या रूपाचा आहे. ‘सर्व युगांच्या आधी पित्यापासून जन्मलेला’ हे पूर्वास्तित्वाचे शब्द ३२५ च्या मूळ पाठात नाहीत, नंतरचे आहेत.

निकेयात बायबलची पुस्तके निवडली, हीही थापच. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

आमच्या नव्या फेलोशिपमध्ये सांगतात, त्रैक्य चुकीचे, येशू हाच पिता, म्हणून बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावाने पुन्हा घ्या. हे लोक येशूला देव मानतात, मग चूक कुठे?
— इंदिरानगर

देवपण ते पूर्ण मानतात; वेगळेपण मानत नाहीत. हा पंथ अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल चळवळीत १९१३ नंतर निघाला आणि १९१६ मध्ये त्याच चळवळीतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या मंडळीने त्रैक्याचे निवेदन स्वीकारल्यावर वेगळा झाला. आधार प्रेषित २:३८, येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या. मूळ कल्पना सबेलियसची. तिला टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकाच्या आरंभीच उत्तर दिले होते.

गंमत अशी, की योहान १७:५ समोर ठेवले की हे बांधव आणि वरच्या पत्रातला आतेभाऊ एकाच बाकावर येऊन बसतात. कारण पुत्र जन्माआधी वेगळा नव्हताच असे म्हटल्यावर, पुत्राने जगापूर्वीचे वैभव मागितले याचा अर्थ ‘योजनेतले वैभव’ असाच करावा लागतो. येशूचे देवपण ठासून सांगणारे आणि ते नाकारणारे एकाच स्पष्टीकरणाला धरून आहेत, हे पास्टरांच्या नजरेस आणून द्या. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याआधी आपल्या मूळ मंडळीच्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला. कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) दोन्हीकडे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा एकदाच असतो.

मी हिंदू आहे. रामाला आम्ही विष्णूचा अवतार म्हणतो. येशूबद्दल ख्रिस्ती लोक म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय?
— पंचवटी

आधीपासून असलेला खाली येतो, इथपर्यंत दोन्ही कल्पना जवळच्या आहेत. म्हणून तर पूर्वास्तित्व समजून घेताना मराठी माणसाला युरोपियनाइतके अडखळायला होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. नाशिकला शिकलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून आळवले.

फरक तीन ठिकाणी आहे. गीतेत ‘संभवामि युगे युगे’ आहे. ख्रिस्ती मतात देहधारण एकदाच. दुसरे, येशूचे मनुष्यपण पूर्ण मानले आहे, फक्त शरीर नव्हे तर मानवी मन आणि इच्छाही. लावदिकियाचा अपॉलिनारिस म्हणाला, मनाच्या जागी दैवी शब्दच होता. ३८१ मध्ये ते मत धिक्कारले गेले. ४५१ च्या खाल्किदोनच्या परिषदेने सूत्र दिले : एक व्यक्ती, दोन स्वभाव, मिसळ नाही आणि फूटही नाही. तिसरा फरक लोकांच्या सहसा लक्षात येत नाही : पुनरुत्थानानंतर त्याने मनुष्यपण उतरवून ठेवले नाही, ते कायमचे आहे.

आपल्या देशात येशूचे देवपण न मानणारे ख्रिस्ती कधी झाले का?
— गंगापूर रोड

झाले. मद्रासमध्ये विल्यम रॉबर्ट्स या तमिळ गृहस्थाने १७९५ मध्येच एकेश्वरवादी, म्हणजे युनिटेरियन, मंडळी काढली. खासी टेकड्यांत हाजोम किसोर सिंग यांनी १८८७ मध्ये सुरू केलेली मंडळी आजही चालू आहे. सर्वांत गाजला तो बंगालचा वाद. राममोहन राय यांनी १८२० मध्ये येशूच्या नीतिवचनांचा संग्रह चमत्कार गाळून छापला; श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी हल्ला चढवला, आणि राममोहन यांनी ग्रीक-हिब्रूचे दाखले देत तीन आवाहने लिहून उत्तर दिले. या धामधुमीत विल्यम ॲडम हा बॅप्टिस्ट मिशनरीच १८२१ मध्ये राममोहन यांच्या बाजूला गेला. ॲडम म्हणजेच आदाम, म्हणून सहकाऱ्यांनी त्याला ‘दुसरा पतित आदाम’ असे चिडवले. महाराष्ट्रात हा धागा प्रार्थना समाजापर्यंत येतो : विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते युनिटेरियनांच्या मदतीने.

आम्ही गल्लीतले आठ-दहा जण या विषयावर बायबल अभ्यास घेणार आहोत. सीएनआय, कॅथलिक, पेंटेकॉस्टल सगळे आहेत. भांडण न होता कसा घ्यावा?
— सिडको

पाच बैठका घ्या, प्रत्येकी सव्वा तास. पहिल्या बैठकीला मार्क १:१-१३ आणि १०:१७-२२. येशूच्या मनुष्यपणापासून सुरुवात केली नाही, तर पुढे सगळे हवेत जाते. मग फिलिप्पै २:१-११. तिसरी योहान १:१-१८. चौथीला कलस्सै १:१३-२० आणि इब्री १. पाचवीला योहान १७ आणि शेवटी मतांगीकार, ओळ ओळ थांबून.

सव्वा तासातली पहिली १० मिनिटे उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, एकदा बायबल सोसायटीच्या मराठीतून आणि एकदा दुसऱ्या कोणत्याही भाषांतरातून. मग २५ मिनिटे फक्त उताऱ्यात काय आहे ते बोलायचे. इथे दुसरीकडचे वचन आणायला बंदी. पुढची २५ मिनिटे तिघांनी तीन भूमिका घ्यायच्या, निकेया, एरियस आणि सोसिनस, आणि हाच उतारा त्या नजरेने समजावून सांगायचा. भूमिका दर आठवड्याला बदला. पेंटेकॉस्टल भावाला एरियसची बाजू मांडावी लागली, की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. १० मिनिटांत कुठे अडले ते वहीत लिहा, उरलेली ५ प्रार्थनेला.

बिघडते कुठे, तेही सांगतो. दुसऱ्या बैठकीच्या सुमारास कोणीतरी मोबाइलवरचा प्रवचनाचा व्हिडिओ लावतो आणि बैठक संपते. फोन दाराशी ठेवा. कोणीतरी त्रैक्य समजवायला पाणी, बर्फ आणि वाफ आणतो. तो नकळत सबेलियस शिकवत असतो, कारण तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असते. अंड्याचे कवच, पांढरे आणि पिवळे आणणारा देवाचे तीन तुकडे करतो. दाखले टाळाच. ‘खोटी शिकवण’ हा शब्दप्रयोग पाच आठवडे बंद ठेवा. आणि पाळकसाहेबांना किंवा फादरांना पहिल्या दिवशी बोलावू नका. ते बसले की सगळे माना डोलावतात आणि खरे प्रश्न घरी जातात. पाचव्या बैठकीला वहीतले प्रश्न घेऊन त्यांना बसवा.

मार्क १३:३२ मध्ये शेवटाची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. देवाला ठाऊक नाही असे कसे?
— मखमलाबाद

एरियसचा हा आवडता प्रश्न होता. अथनेशियसचे उत्तर, मनुष्य म्हणून ठाऊक नाही. मनुष्यपण पूर्ण मानले, की अज्ञानही त्यात येते. लूक २:५२ मध्ये तो ज्ञानात वाढत गेला असे आहेच. वचन मऊ करण्याचा मोह जुना आहे : मत्तय २४:३६ च्या कित्येक हस्तलिखितांत ‘पुत्रालाही नाही’ हे शब्द गाळलेले आढळतात.

आजोबांच्या इंग्रजी बायबलात १ योहान ५:७ मध्ये पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असे आहे. नव्या प्रतीत नाही. कोणी काढले?
— शरणपूर

काढले नाही, मुळात नव्हते. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते वाक्य सापडत नाही. ते लॅटिन परंपरेतून आले. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या छापील ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, ओरड झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातले, आणि तिथून ते जुन्या इंग्रजी बायबलात उतरले. निकेयाच्या वादात कोणत्याही ग्रीक लेखकाने ते वापरलेले नाही. दारावर आलेल्यांशी बोलताना तुम्हीही वापरू नका; ते त्यांना ठाऊक असते.